अप्पांच्या गोळ्यांची पेटी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, आणि ती गेल्यावर हे म्हणायचं काम अप्पांनी पुढं चालवलं. मला एका जागी बसवत नाही. पुण्याच्या ज्या कंपनीत मी विजेच्या मीटरमध्ये चालणारे प्रोग्राम लिहिते, तिथंही अर्धं काम मी उभ्यानं, खुर्चीमागं येरझारा घालत करते, आणि शेजारचे लोक वैतागतात. अशा माणसाला सोलापूरच्या घरात, ऐन एप्रिलच्या उन्हात, नखाएवढ्या एका चिपसमोर अख्खा महिना खिळून बसावं लागलं. त्या महिन्यात मी जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कधी चिडले नसेन.

कारण होतं अप्पांचा कंपवात. हात थरथरतो ते सगळ्यांना दिसतं, पण त्याचं अप्पांना फारसं काही वाटत नाही. "हालतोय तर हालू दे, कुणाला मारत तर न्हाई," म्हणतात. खरा छळ पायांचा. गोळी वेळेवर पोटात गेली की अप्पा चांगले हिंडतात, फिरतात, दारावरच्या भाजीवालीशी घासाघीस करतात. तीच गोळी लांबली की पाय जमिनीला चिकटतात. मनात चालायचं असतं, पण पाऊल उचलत नाही. आणि हे बहुतेक वेळा दारातच होतं, उंबऱ्यापाशी. थंडी सरता सरता ते असेच मोरीच्या दारात अडकले, मागं वळायला गेले आणि पडले. हाड मोडलं नाही, पण माझा थोरला भाऊ, दादा, दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आला आणि म्हणाला, आता बास झालं, मी अप्पांना घेऊन जातो.

अप्पांना जायचं नव्हतं. दादाचं घर बाराव्या मजल्यावर आहे. "तितं खाली बगितलं की माजं पोट वर येतंय," असं ते सांगायचे, पण ती नुसती सबब होती. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आहे. अप्पांनी ती जन्मभर चालवली, आता एका माणसाला चालवायला दिलीय. सकाळी पट्टा सुरू झाला की अप्पा आतल्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून सांगतात, ही ज्वारी चाललीय, हा गहू, आज ह्यानं दगड जास्त आवळलाय. तो आवाज नसलेल्या घरात अप्पा कसे राहतील हे मला कळत नव्हतं. दादालाही ते कळत नव्हतं, पण तो त्यांच्या पडण्याला जास्त घाबरला होता, आणि त्यात त्याचं काही चूक नव्हतं.

दादा तेवढ्यापुरता एकटाच परत गेला, आणि फोनवर आम्ही भावंडं बरेच दिवस भांडलो. शेवटी तावातावात मी बोलून बसले की गोळ्या कधीच चुकणार नाहीत अशी पेटी मी बनवते. कंपनीतून बिनपगारी रजा घेतली आणि सोलापूरला आले. शेजारच्या मावशी दोन वेळचं जेवण आणून द्यायला आणि येता-जाता डोकावायला तयार होत्या. प्रश्न फक्त गोळ्यांचा होता. दादा म्हणाला, "ठीक आहे. तुझी रजा संपायच्या आधी मी गाडी घेऊन येतो. दोन दिवस राहतो आणि बघतो. पेटी नीट चालली तर अप्पा तिथंच राहू देत. माझ्यासमोर एकदा जरी चुकली, तरी अप्पांनी माझ्याबरोबर यायचं, मग रडारड नको." फोन स्पीकरवर होता. अप्पा शेजारीच बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं.

जो तो मला विचारायचा, मोबाइलचा गजर का लावत नाहीस? मी दात-ओठ खाऊन सांगायचे. मोबाइलचा गजर अप्पा बंद करायला जातात, थरथरत्या बोटानं भलतंच काहीतरी दाबलं जातं, दुधनीच्या आत्याला फोन लागतो, मग अर्धा तास गप्पा, आणि गोळी राहते ती राहतेच. माझी पेटी तसं चालू देणार नव्हती. वेळ झाली की तिच्यातला एकच छोटा खण बाहेर सरकायचा, त्यात तेवढ्या वेळची गोळी, आणि गोळी उचलेपर्यंत पेटी किंचाळत राहायची. मी मुद्दाम कर्कश आवाज निवडला होता. गिरणी चालू असतानाही तो ऐकू आला पाहिजे होता.

आमच्या भागात लाइट कधी जाईल ह्याचा नेम नाही, म्हणून पेटी पेन्सिल सेलवर चालणारी केली. मुख्य प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेला असायचा. जागी राहायची ती फक्त घड्याळाची चिप, आणि तीही अगदी जीव मुठीत धरून, कमीत कमी विजेवर. तिच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक स्फटिक. तो सेकंदाला हजारो वेळा कंप पावतो, चिप ते कंप मोजते आणि त्यावरून वेळ ठरवते. हे मी अप्पांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या दाण्याकडं बघत बसले. "म्हंजे ह्यालाबी कंपवात हाय की," म्हणाले. "आन ह्याच्या कंपावर माज्या कंपाची गोळी. ब्येस हाय."

त्या चिपनं स्फटिकाला किती वीज द्यायची ते प्रोग्राममधून ठरवता येतं. मी सगळ्यात कमी ठेवली. कंपनीत आम्ही ह्याच्यावर एकमेकांत चढाओढ करतो, कोण किती कमी विजेत काम भागवतं ह्याची. अप्पांच्या पेटीत कुणाशी चढाओढ नव्हती, पण सवय जात नाही.

पेटी तयार झाली. पाठीमागं सरकतं झाकण ठेवलं, स्क्रू लावले नाहीत, कारण सारखं उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. अप्पांच्या खुर्चीजवळच्या फळीवर ती ठेवली. पहिले काही दिवस सुरेख गेले. पेटी किंचाळायची, अप्पा "आलो की गं बाई" म्हणत गोळी उचलायचे, मी आतल्या खोलीत मुठी आवळून खूश व्हायचे. मावशी भाकरी घेऊन आल्या की त्यांना पेटीची करामत दाखवायचे. मावशींचं माहेर-सासर दोन्ही विणकरांचं, घरात तेलुगू, मराठी शाळेत शिकलेलं, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण फार कौतुक करू नकोस, दृष्ट लागते." मी हसले.

मग एका दुपारी पेटी वाजली नाही.

मी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. घर फार वेळ शांत आहे असं वाटून बाहेर आले, तर अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे. एक हात चौकटीवर, नजर खाली. पाणी प्यायला निघाले होते आणि तिथंच अडकले होते. किती वेळ झाला असं विचारलं तर म्हणाले, "झाला थोडा." मी त्यांच्या पायापुढं माझा पाय आडवा ठेवला. काहीतरी ओलांडायचं दिसलं की त्यांचं पाऊल सुटतं, ही युक्ती आम्हाला आता माहीत झालीय. त्यांना खुर्चीत बसवलं, गोळी दिली आणि पेटी बघितली. तिचं घड्याळ बरंच मागं पडलं होतं. तिच्या हिशेबानं गोळीची वेळ अजून व्हायचीच होती.

मी घड्याळ मोबाइलशी जुळवलं आणि दादाला काही कळवलं नाही. अप्पांना म्हटलं, "पहिल्यांदा होतं असं. आज दुरुस्त करते." ते म्हणाले, "कर की. अजून येळ हाय."

इथून माझी वणवण सुरू झाली. घड्याळ मागं पडतं म्हणजे ते हळू चालतं असं मी धरून चालले. स्फटिक खराब असेल म्हणून सोलापूरची नवी पेठ पालथी घातली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, इत्ता बारीक माल इधर कौन लेता? पुना से मंगाना पडेंगा." मला धीर कुठला. घरातलं भिंतीवरचं जुनं घड्याळ काढलं, त्यातही तसलाच स्फटिक असतो, तो उपसला आणि बोर्डवर बसवला. दोन दिवस ठीक चाललं, परत घड्याळ मागं. मग वाटलं चिपच नकली असेल, ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त चिपांचा काय भरवसा. कुरिअरनं दुसरी मागवली. ती येईपर्यंत मी घरात पिंजऱ्यातल्यासारखी फिरत होते. दर थोड्या वेळानं पेटीशी जाऊन तिचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघायचे. अप्पा म्हणायचे, "यव्वा, पोरी, जरा बूड टेकव. तुला बगून मलाच दम लागतोय."

नवी चिप आली. मी ती बसवली. तीही मागं पडली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की मी चुकीचा प्रश्न विचारतेय. हळू चालणारं घड्याळ रोज सारखंच मागं पडतं. हे तसं करत नव्हतं. एखादा दिवस अगदी बरोबर, मग अचानक मोठी खोट. हे घड्याळ हळू चालत नव्हतं, मध्येच थांबत होतं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढं चालू लागत होतं. चिपमध्ये त्याची खूण ठेवायची सोय असते, स्फटिक मध्ये थांबला तर एक निशाण वर होतं. मी ते वाचायचा प्रोग्राम लिहिला. रोज संध्याकाळी वाचायचं आणि पुसून ठेवायचं. घड्याळ मागं पडलं त्या प्रत्येक दिवशी निशाण वर होतं.

थांबतं हे कळलं, पण का थांबतं ते कळेना. टेबलावर माझ्यासमोर ठेवलं की दिवसच्या दिवस बिनतक्रार चालायचं. स्फटिकाच्या पायांवर मल्टिमीटरची पिन टेकवून बघायला गेले तर पिन लागल्याबरोबर ते थांबायचं, कारण तेवढीशी वीज मीटरनंच ओढून घेतली. म्हणजे बघायला जावं तर बघण्यानंच रोग होतो. पेटीत घालून फळीवर ठेवलं की दोन-चार दिवसांत थांबणं ठरलेलं. फळीवर असं काय होतं जे टेबलावर नव्हतं? तर कूलर.

अप्पांच्या खुर्चीशेजारी कूलर होता, आणि त्याचा ओला वारा पेटीवरून जायचा. मी पेटी उघडून भिंगातून बघितलं. चिपच्या पायांमध्ये आणि स्फटिकापाशी बारीक पांढरट थर होता. मला हसूच आलं. आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार! बादल्यांवर, नळांवर, कूलरच्या जाळीवर हाच पांढरा थर. कूलरनं तो पेटीत उडवला, थर ओला झाला की वीज त्याच्यातून पाझरते, आणि उपाशी स्फटिक थांबतो. सगळं कसं चपखल बसत होतं. स्पिरिटनं बोर्ड पुसला आणि कूलर बंद केला.

एप्रिलच्या सोलापुरात म्हाताऱ्या माणसाचा कूलर बंद करणं म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. अप्पा ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले. मावशी भाकरी घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. "अगं, त्यांना भाजून काढणार आहेस का?" मी त्यांना क्षार समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, दृष्ट लागलीय." मी त्यांच्यावर खेकसले. मग अप्पा माझ्यावर खेकसले.

कूलर बंद असतानाही घड्याळ थांबलं. उलट आता जास्त थांबायला लागलं. आधी आठवड्यातून एक-दोनदा व्हायचं, ते आता दिवसाआड, मग रोज. मी पुसायचे, परत पांढरा थर. दादा यायचा दिवस जवळ येत होता. गोळ्यांच्या वेळा मीच मोबाइलवर सांभाळत होते, म्हणून अप्पांचे हाल होत नव्हते, पण मी गेल्यावर काय? मला जेवण जाईना. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की कुठं जायचं ते सुचायचं नाही. मनात पहिल्यांदा आलं की दादाचंच बरोबर आहे. मी मीटर बनवणारी मोठी इंजिनिअर, आणि बापासाठी एक धड घड्याळ मला चालवता येत नाही.

त्या दिवशी पहाटे लाइट गेली, पंखा थांबला आणि मला जाग आली. एरवी मी उशिरा उठणारी. अप्पा माझ्या कितीतरी आधी उठतात, अंघोळ करतात, लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा करतात, आणि मी उठेपर्यंत सगळं आटोपून खुर्चीत बसलेले असतात. त्यांची पूजा मी लहानपणी रोज बघायचे, नंतर कित्येक वर्षांत बघितलीच नव्हती. बाहेर उजाडत होतं. मी दारात आले तर अप्पा फळीपाशी उभे होते, माझ्याकडं पाठ करून. कपाळावर, दंडावर ओल्या विभूतीचे पट्टे. डाव्या हातात विभूतीची वाटी. पेटीचं मागचं झाकण सरकवलेलं. उजव्या हाताची तीन बोटं त्यांनी वाटीत बुडवली, डोळे मिटले, आणि बोटं आत नेली. हात थरथरत होता. बोर्डवर तीन पट्टे काढायचे होते, ते कुठले निघतायत. पांढरं पाणी टपटप चिपवर पडत होतं.

मी दारातच थांबले. अप्पांनी झाकण हळूच लावलं, पेटीला हात जोडले, वळले आणि मला बघून दचकले.

"अप्पा, हे रोज करता?"

"आधी सोमवारी करत हुतो," ते म्हणाले. "गिरणीला करायचो तसं."

ते मला आठवत होतं. दर सोमवारी गिरणी सुरू करायच्या आधी अप्पा मोटरीवरची जाळी काढायचे आणि आतल्या लोखंडाला विभूती लावायचे. बाहेरच्या पत्र्याला कधी लावली नाही. मी म्हटलं, "पेटीला बाहेरून का नाही लावली?"

"झाकणाला लावून काय करायचं? काम करतंय ते आत हाय की." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. मग वाटी खाली ठेवत म्हणाले, "तुजं घड्याळ मागं पडाया लागलं. मी म्हटलं, आपलंच कायतरी कमी पडतंय. मग मधी मधी एक-दोन येळा जास्त लावली. तरीबी पडतंय. मग रोजच लावाया लागलो."

मी खाली बसले. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं झालं. ते घड्याळ थांबायचं म्हणून अप्पा विभूती लावायचे, आणि विभूती लावायचे म्हणून ते थांबायचं. मी कूलरला दोष दिला, चिपला दिला, चीनला दिला, बोअरच्या पाण्याला दिला. आणि इथं हा माणूस आपलं घर सुटू नये म्हणून पहाटे उठून, स्वतःच्या हातानं, स्वतःचंच घड्याळ बंद पाडत होता.

त्यांना सांगावं की सांगू नये, ह्याच्यावर मी अंघोळ होईपर्यंत विचार केला. मग सांगितलं. कारण मी गेल्यावर ते लावतच राहिले असते. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं, की ओल्या राखेतून वीज पाझरते, तो दाणा फार नाजूक आहे, त्याला जरा कुणी हात लावला तरी तो थांबतो. अप्पांनी ऐकून घेतलं. बराच वेळ त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता.

"म्हंजे मीच बिगडवलं व्हय," ते म्हणाले.

"तसं नाही हो, अप्पा."

"तसंच की. आता न्हाई लावत."

ते ज्या आवाजात हे म्हणाले तो मला सहन झाला नाही. लहान मुलाला ओरडल्यावर ते खेळणं जागेवर ठेवतं, तसे ते बोलले. मला रागही आला, कुणाचा ते कळेना. बहुतेक त्या चिपचा. जगात एवढी यंत्रं आहेत, अव्वाचा मिक्सर, गिरणीची मोटर, दादाची पहिली स्कूटर, सगळ्यांनी अप्पांची विभूती मुकाट्यानं लावून घेतली आणि जन्मभर चालली. आणि माझं हे नाजूक नाटक म्हणे ओलं झालं की थांबतं. मी ठरवलं की ह्यालाच शिकवायचं.

बोर्ड काढला, स्पिरिटनं घासून घासून पुसला, उन्हात वाळवला. प्रोग्राममध्ये स्फटिकाची वीज वाढवली. सेल थोडे लवकर संपतील, संपू देत, मावशी बदलतील. आणि मग त्यांच्याच सुनेकडून नेलपॉलिश मागून आणलं. रंग भडक राणी होता, तिच्याकडं तोच होता. चिप, तिचे पाय, स्फटिक, ओल आत शिरू नये म्हणून सगळ्यावर मी एकावर एक थर दिले, मध्ये मध्ये वाळू दिले. अप्पा खुर्चीतून बघत होते. "लगीन हाय का त्याचं?" म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं तिरकस बोलणं. माझा जीव जरा भांड्यात पडला.

थर वाळल्यावर मी पेटीच्या पडद्यावर सेकंद दिसतील असं केलं आणि विभूतीची वाटी त्यांच्यापुढं ठेवली.

"लावा."

"ब्याड," ते म्हणाले. नको. हात मांडीखाली दाबून धरला होता.

"अप्पा, लावायलाच पाहिजे. हे थांबतंय का नाही ते मला कसं कळणार? भरपूर लावा. रोज लावता त्याच्यापेक्षा जास्त."

"आन थांबलं तर? दादा येणार हाय."

"थांबलं तर आत्ता थांबू दे. माझ्यासमोर."

त्यांनी बोटं बुडवली. हात पेटीपर्यंत न्यायला त्यांना फार वेळ लागला, आणि ह्या वेळी तो आजारानंच थरथरत होता असं मला वाटत नाही. मी त्यांचं मनगट धरलं नाही, फार वाटलं तरी धरलं नाही. तीन बोटं राणी रंगावरून फिरली. पांढरं पाणी चिपवरून ओघळलं, स्फटिकाच्या पायांशी तळं झालं. आम्ही दोघं पडद्याकडं बघत होतो. सेकंद पुढं जात होते. अप्पांनी परत बोटं बुडवली आणि परत लावली. सेकंद जात राहिले. पुढं गिरणीचा पट्टा चालू होता, बाहेर कुणीतरी दळणासाठी हाका मारत होतं, आणि आम्ही दोघं एका बोटभर पडद्यापुढं बसलो होतो. विभूती वाळून पांढरी झाली तरी घड्याळ मोबाइलशी बरोबर होतं.

"थांबत न्हाई की," अप्पा म्हणाले. मग जरा वेळानं, "मी रोज लावू का न्हाई?"

"रोज लावा."

दादा आला. राहिला. घरातल्या इन्स्पेक्टरसारखा त्यानं मोबाइल हातात धरून प्रत्येक गोळीची वेळ बघितली. पेटी एकदाही चुकली नाही. सकाळी त्याच्यादेखत अप्पांनी झाकण सरकवून विभूती लावली, दादा "अहो अप्पा, पाणी" म्हणून धावला, आणि अप्पांनी त्याला नुसत्या नजरेनं जागेवर थांबवलं. जाताना दादानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ठीक आहे बाई. हरलो मी." गाडी वळणावरून गेली. मला वाटलं होतं मला आभाळ ठेंगणं होईल. जिंकले होते ना मी. अप्पा घरी राहणार होते.

आत आले तर अप्पा खुर्चीत, पेटीकडं तोंड करून बसले होते. कूलर परत सुरू होता. मी सवयीनं पेटीचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघितलं. बरोबर होतं. आता परत परत बघायचं काही कारण उरलं नव्हतं.

"मग तू कदी निघणार?" त्यांनी विचारलं.

"रविवारी सकाळची गाडी आहे, अप्पा. तिकीट काढलंय."

त्यांनी मान हलवली. गिरणीत कुणीतरी नवीन दळण टाकलं, आवाज बदलला, पण ते कशाचं दळण आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

"रविवारी गाडीला लई गर्दी असती," ते म्हणाले. "सोमवारी जा की."

सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. अख्खा महिना मी त्या घड्याळाशी भांडले होते ते मला निघता यावं म्हणून. आता ते चालत होतं, पेटीला माझी गरज नव्हती, आणि तिथं उभी असताना माझ्या मनात आलं की आजच्या दिवस ते थांबलं असतं तर बरं झालं असतं. मी मोबाइल बाजूला ठेवला आणि त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले. त्यांनी मला बूड टेकव म्हटलं नव्हतं. मला उठावंसंही वाटलं नाही.